आधी मॉनिटर, मग ग्राफिक्स कार्ड: सांगलीत पहिला पीसी जुळवताना

इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचं काम सुरू केलं, किंवा धाकट्याने गेमिंगसाठी हट्ट धरला, की सांगली-मिरजेत चौकशीला सुरुवात होते ती एकाच प्रश्नाने: "कार्ड कुठलं टाकू?" मग कुणीतरी एक नंबर सांगतं, कोटेशनमधले निम्मे पैसे त्या कार्डात जातात आणि उरलेल्या पैशांत बसेल तो मॉनिटर गाडीवर बांधून आणला जातो.

हा क्रम उलटा आहे. ग्राफिक्स कार्ड, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणारा पीसीतला वेगळा भाग, कितीही भारी घेतलं तरी रोज आठ तास डोळ्यांसमोर असतो तो मॉनिटर. कार्डावर ताण किती पडणार हेही मॉनिटरच ठरवतो. शिवाय तो टिकतो जास्त. एका चांगल्या मॉनिटरवर दोन कार्डं सहज बदलून होतात. म्हणून आधी काम ठरवा, मग टेबल मोजा, मग मॉनिटर निवडा, त्या मॉनिटरला पुरेल एवढंच कार्ड घ्या, आणि ते कार्ड आपला एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज देणारा कॅबिनेटमधला डबा, पेलतो का ते पाहा. केबल आणि सेटिंग शेवटी, पण तीही विसरायची नाहीत.

कार्ड लागतं का, हे आधी

मार्केट यार्डात हळदीच्या किंवा बेदाण्याच्या अडतीचा हिशोब टॅलीत ठेवायचा, जीएसटीचे रिटर्न भरायचे, ऑनलाइन क्लास, एक्सेल, मराठी टायपिंग, प्रोग्रॅमिंग शिकायचं, यातल्या कशालाच वेगळं कार्ड लागत नाही. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स पुरतं. हल्लीच्या बहुतेक प्रोसेसरवर दोन मॉनिटरही चालतात, मदरबोर्डावर तेवढे पोर्ट असले म्हणजे झालं. ऑटोकॅडमधलं साधं टूडी ड्रॉइंगसुद्धा त्यावर निघतं. अशा माणसाने कार्डाचे पैसे मॉनिटरमध्ये घालावेत, नाहीतर सरळ दोन मॉनिटर घ्यावेत. एकावर बँकेचं स्टेटमेंट आणि दुसऱ्यावर टॅली, अशी सवय एकदा लागली की एका स्क्रीनवर काम करवत नाही.

इथे प्रोसेसरचं नाव मात्र नीट वाचा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या शेवटी 'एफ' असतो, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, त्यात ग्राफिक्स नसतंच. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्येही नसतं, ५६००जी मध्ये असतं. कोटेशनमध्ये एफवाला प्रोसेसर आहे आणि कार्डाची ओळच नाही, तर तो पीसी घरी आल्यावर स्क्रीन काळीच राहणार.

कार्ड खरोखर लागतं ते गेमिंगला, डाविंची रिझॉल्व्हसारख्या व्हिडिओ एडिटिंगला, ब्लेंडरला, थ्रीडी डिझाइनला आणि मशीन लर्निंगला. शेवटच्या कामासाठी एनव्हिडियाचंच कार्ड घ्या, कारण बरीचशी सॉफ्टवेअर त्यांच्या कुडा या प्रणालीवर चालतात आणि कुडा दुसऱ्या कंपनीच्या कार्डावर मिळत नाही. सॉलिडवर्क्स शिकणाऱ्या विद्यार्थ्याचं एनव्हिडियाच्या साध्या जीफोर्स कार्डावर भागतं. कुपवाड एमआयडीसीत रोज मोठ्या असेंब्ली उघडणाऱ्याने मात्र सॉलिडवर्क्सने प्रमाणित केलेल्या कार्डांची यादी पाहून घ्यावं.

टेप घ्या आणि टेबल मोजा

२४ इंची मॉनिटर साधारण ५३ सेंटिमीटर रुंद असतो, २७ इंची ६० च्या आसपास आणि ३२ इंची ७१. डोळे आणि स्क्रीन यांत हातभर अंतर हवं, म्हणजे ५० ते ७० सेंटिमीटर. दीड फुटाच्या कॉम्प्युटर टेबलावर ३२ इंची ठेवला तर या टोकापासून त्या टोकापर्यंत मान फिरवावी लागते. अशा टेबलाला २४ इंचीच बरा. दोन-अडीच फूट खोल टेबल असेल तर २७ इंची छान बसतो.

टेबल कुठे आहे तेही बघा. खिडकीकडे तोंड करून बसलात तर मॉनिटरमागून ऊन डोळ्यांत येतं, खिडकीकडे पाठ करून बसलात तर तेच ऊन स्क्रीनवर चमकतं. टेबल खिडकीला काटकोनात लावा. साध्या खोलीत २५० ते ३०० निट्स उजेड पुरतो. स्क्रीन चकचकीत नको, मॅट हवी. स्टँड वर-खाली होणारा मिळाला तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. नसेल तर पाठीमागे ७५ किंवा १०० मिलिमीटरवरची वेसा मापाची स्क्रूची भोकं आहेत ना, एवढं पाहा. त्यावर नंतर मॉनिटर धरणारा आर्म बसवता येतो.

मराठी अक्षरांची परीक्षा

इंटरनेटवरचे मॉनिटरचे बहुतेक सल्ले इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी लिहिलेले असतात. आपल्याला स्क्रीनवर देवनागरी वाचायची आहे आणि देवनागरी जास्त बारकावा मागते. इंग्रजी अक्षराला वर-खाली फारसं काही नसतं. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षराची शेपटी. हे सगळं दहा-अकरा पॉइंटमध्ये बसवायला स्क्रीनवर पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, दाट असावे लागतात.

दुकानात गेलात की वॉलपेपर आणि फिरते डेमो व्हिडिओ पाहत बसू नका. एखादी मराठी वर्तमानपत्राची साइट उघडा किंवा फाइलमध्ये चार शब्द टाइप करा: सर्वांनी, तत्त्वज्ञान, वऱ्हाडी, कृष्णा. अक्षर दहा पॉइंटचं ठेवा आणि हातभर अंतरावरून वाचा. 'सर्वांनी'तला रफार आणि त्याच्या शेजारचा अनुस्वार वेगवेगळे दिसतात का? 'तत्त्व'मधले दोन अर्धे त मोजता येतात का? 'ष्ण'चं पोट भरून काळा ठिपका तर झाला नाही? डोळे बारीक करावे लागले तर तो मॉनिटर तुमच्या कामाचा नाही, भले त्याचे रंग कितीही झकास असोत.

यामागचं गणित सोपं आहे. १९२०×१०८०, म्हणजे फुल एचडीचे पिक्सेल २४ इंचात पसरले तर इंचाला साधारण ९२ पिक्सेल येतात. तेच २७ इंचात ताणले की ८२ वर येतात आणि अक्षरांच्या कडा दातेरी दिसू लागतात. २७ इंचात २५६०×१४४० असेल तर १०९, आणि ३८४०×२१६० म्हणजे फोरके असेल तर १६३. त्यामुळे २७ इंची फुल एचडी मॉनिटर मी वाचन-लेखन करणाऱ्या कुणालाही सुचवत नाही. स्वस्त आणि मोठा म्हणून तो खपतो खूप, पण त्याच पैशांत २४ इंची घेतलेला केव्हाही चांगला.

फोरकेवर अक्षर छापल्यासारखं दिसतं, यात शंका नाही. पण २७ इंचात ते इतकं बारीक होतं की विंडोजमध्ये स्केलिंग, म्हणजे अक्षरं आणि मेनू मोठे करायची सेटिंग, १५० टक्क्यांवर न्यावं लागतं, आणि जुनी सॉफ्टवेअर स्केलिंगला नीट साथ देत नाहीत. लग्नपत्रिका आणि हँडबिलं करणारी कितीतरी डीटीपी सेंटर अजून जुन्या पेजमेकरवर चालतात. तिथे फोरके लावला की मेनू एकतर मुंगीएवढे दिसतात, नाहीतर धुरकट. अशा कामाला २७ इंची १४४० हा सगळ्यांत समाधानाचा पर्याय आहे. स्केलिंगला हात लावावा लागत नाही आणि मजकूरही स्वच्छ दिसतो.

पॅनेल आणि रंग

पॅनेल म्हणजे मॉनिटरची आतली स्क्रीन. तिच्या प्रकारांत पहिल्या खरेदीला आयपीएस घ्या, फार विचार करू नका. बाजूने पाहिलं तरी रंग बदलत नाहीत. व्हीए पॅनेलचा काळा रंग जास्त गडद असतो. त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातला फरक, साधारण ३०००:१, तर साध्या आयपीएसचा १०००:१. अंधारात सिनेमा पाहणाऱ्याला तो आवडेल, पण स्वस्त व्हीएवर गडद दृश्यांत हलणाऱ्या वस्तूमागे काळपट फरफट दिसते. टीएन आता टाळा. ओलेड दिसायला देखणा आहे, पण दिवसभर एकच टूलबार उघडा ठेवणाऱ्याच्या स्क्रीनवर त्याचा ठसा उमटण्याची भीती राहते.

फोटो, व्हिडिओ किंवा छपाईचं काम असेल तर एसआरजीबी (स्क्रीनच्या रंगांचं नेहमीचं माप) ९९-१०० टक्के असा आकडा शोधा. काही मॉनिटरवर '४५ टक्के एनटीएससी' असं दुसऱ्या, जुन्या मापात लिहिलेलं असतं. तो एसआरजीबीच्या जेमतेम साठ टक्क्यांचा रंगपट्टा झाला. त्यावर शालूचा लाल रंग ठरवून पत्रिका छापायला पाठवली तर प्रेसमधून येणारा लाल वेगळाच असणार. '७२ टक्के एनटीएससी' हा आकडा एसआरजीबीच्या जवळपास जातो.

खोक्यावरच्या 'एचडीआर१०' (जास्त उजळ-गडद चित्राचा सिग्नल) या शब्दावर पैसे खर्च करू नका. स्वस्त मॉनिटर तो सिग्नल फक्त स्वीकारतो, दाखवायला लागणारा उजेड त्याच्याकडे नसतो.

हर्ट्झ म्हणजे किती ताण

स्क्रीन सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवते, तो आकडा म्हणजे हर्ट्झ. ६० हर्ट्झवर प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, १४४ वर ६.९. ६० वरून १४४ वर गेल्यावर फरक कुणालाही जाणवतो, माउस हलवताच कळतं. १४४ वरून २४० वर गेल्याचा फरक मात्र स्पर्धेत खेळणाऱ्यालाच जाणवेल. नुसत्या ऑफिसकामाला ७५ किंवा १०० हर्ट्झ भरपूर झाले.

आता कार्डाशी संबंध जोडू. स्क्रीनवरचे पिक्सेल गुणिले हर्ट्झ केलं की कार्डाने सेकंदाला किती पिक्सेल रंगवायचे ते कळतं. फुल एचडी म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल. ६० हर्ट्झवर सेकंदाला १२.४ कोटी. तीच स्क्रीन १४४ हर्ट्झची असेल तर २९.९ कोटी. १४४० वर ३६.९ लाख पिक्सेल, १४४ हर्ट्झला ५३ कोटी. फोरकेवर ८२.९ लाख पिक्सेल, म्हणजे नुसत्या ६० हर्ट्झलाच ४९.८ कोटी. गेममध्ये ताण अगदी याच प्रमाणात वाढतो असं नाही, सावल्या-प्रकाशाचा हिशोब वेगळा असतो. तरी एक गोष्ट स्वच्छ दिसते. मॉनिटर मोठ्या हौसेने १४४० आणि १४४ हर्ट्झचा घेतला, तर फुल एचडी ६० च्या चौपट काम त्याने कार्डाच्या गळ्यात घातलं. उलट ६० हर्ट्झच्या फुल एचडी मॉनिटरमागे महागडं कार्ड लावणं म्हणजे घरापासून भाजी मंडईपर्यंत जायला स्पोर्ट्स बाइक घेणं.

व्हिडिओ एडिटिंग आणि ऑफिसकामात हा गुणाकार लावू नका. तिथे स्क्रीन बहुतेक वेळ स्थिर असते. फोरके ६० हर्ट्झवर वर्डची फाइल दाखवायला हल्लीच्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्सही पुरतं.

मॉनिटरप्रमाणे कार्ड

फुल एचडी ६० ते १०० हर्ट्झ, आणि खेळ व्हॅलोरंट किंवा सीएस२ सारखे हलके असतील, तर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं कार्ड पुरतं. ते ७० वॅटच घेतं आणि वेगळी पॉवर केबल लागत नाही, त्यामुळे जुन्या पीसीत बसवायला सोपं. फुल एचडी १४४ किंवा १६५ वर नवे मोठे गेम खेळायचे असतील तर आरटीएक्स ४०६०, आरटीएक्स ५०६०, आरएक्स ७६०० किंवा इंटेलचं आर्क बी५८०, यांतलं जे त्या आठवड्यात स्वस्त मिळेल ते. आर्क घेताना एक काळजी घ्या. रिसायझेबल बार नावाची सोय बोर्डावर चालू नसेल तर त्याचा वेग बराच पडतो, आणि फार जुन्या बोर्डांवर ती सोय मिळतच नाही.

१४४० साठी मेमरी जास्त हवी. नव्या गेमचं टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) वरच्या पातळीवर ठेवलं की ८ जीबी अपुरी पडते आणि खेळ मध्येच अडखळतो. आरटीएक्स ५०६० टीआय किंवा आरएक्स ९०६० एक्सटी घ्यायचं ठरवलंत तर १६ जीबीचंच घ्या. दोन्ही ८ जीबीतही मिळतात आणि कोटेशनमध्ये अनेकदा जीबीचा उल्लेखच नसतो. तो लिहून मागा. फोरकेवर नवे गेम खेळायचे असतील तर आरटीएक्स ५०७० टीआयपासून पुढे विचार करावा लागेल. पहिल्या पीसीसाठी हा खर्च मला पटत नाही.

नावाचा घोळ इथेच संपत नाही. आरटीएक्स ३०५० हे नाव ८ जीबी आणि ६ जीबी अशा दोन कार्डांना आहे, आणि ६ जीबीवाल्यात कोअर कमी आहेत. जीटी १०३० एकेकाळी जीडीडीआर५ आणि डीडीआर४ अशा दोन्ही मेमरीत विकलं गेलं, त्यातलं डीडीआर४वालं कितीतरी मंद. जीटी ७१० वर ४ जीबी लिहिलेलं असलं तरी ते गेमिंगचं कार्ड होत नाही. जीबी म्हणजे वेग नव्हे. दोन कार्डांची तुलना करायची तर तुम्ही जो खेळ खेळणार आहात, तो तुमच्या रिझोल्यूशनला (स्क्रीनच्या पिक्सेलसंख्येला) त्या कार्डावर किती फ्रेम देतो याचे व्हिडिओ पाहा.

एसएमपीएसचं लेबल वाचा

पीसी बंद पडण्याच्या, मध्येच रीस्टार्ट होण्याच्या तक्रारींत कार्ड बदनाम होतं आणि दोष निघतो एसएमपीएसमध्ये. हे काम किचकट वाटतं, पण कॅबिनेटचं झाकण उघडून पाच मिनिटांत करता येतं.

एसएमपीएसच्या अंगावर चिकटवलेल्या लेबलवर वरती मोठ्या अक्षरांत '४५० वॅट' असेल. तिकडे लक्ष देऊ नका. खालच्या तक्त्यात '+१२ व्ही' असा रकाना शोधा आणि त्याखालचे अँपिअर पाहा. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर दोघेही याच बारा व्होल्टच्या लाइनवर जगतात. समजा तिथे १४ ए लिहिलंय. १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॅट. वरती ४५० आणि कामाचे १६८! कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर असे आकडे दिसणं नवल नाही. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर हाच आकडा ४० अँपिअरच्या पुढे असतो. एनव्हिडिया आरटीएक्स ४०६० साठी ५५० वॅटची शिफारस करते, कार्ड स्वतः ११५ वॅटच घेत असलं तरी. ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) आणि पाच वर्षांची वॉरंटी असलेला नावाजलेला एसएमपीएस घ्या. या एका वस्तूत काटकसर करू नका.

वीज कार्डापर्यंत पोहोचते दोन वाटांनी. बोर्डाचा स्लॉट ७५ वॅट देतो. त्यापुढचे एसएमपीएसच्या केबलमधून येतात: सहा पिनची केबल ७५, आठ पिनची १५०. नव्या मोठ्या कार्डांना सोळा पिनची बारीक केबल असते. ती टिक वाजेपर्यंत पूर्ण आत दाबा. अर्धवट बसलेले कनेक्टर तापून वितळल्याची उदाहरणं आहेत. मोलेक्सवरून, म्हणजे जुन्या चार पिनच्या केबलवरून, कार्डाची पिन बनवणारे स्वस्त अडॅप्टर वापरू नका.

कंपन्यांनी वापरून विकलेले सडपातळ ब्रँडेड पीसी हल्ली स्वस्तात मिळतात. त्यात कार्ड टाकायचं असेल तर आधी खात्री करा. त्यांचा एसएमपीएस कंपनीच्या खास मापाचा असतो, बदलता येत नाही, आणि कॅबिनेटमध्ये लो-प्रोफाइल, म्हणजे निम्म्या उंचीचंच कार्ड बसतं. साध्या कॅबिनेटमध्येही पुढच्या पंख्यापासून मागच्या पट्टीपर्यंतची लांबी टेपने मोजा. कार्डं २० सेंटिमीटरपासून ३३ सेंटिमीटरपर्यंत लांब असतात आणि जाड कार्ड दोन-तीन स्लॉटची जागा खातं.

इथल्या विजेचाही विचार करा. उन्हाळ्यात आणि वळवाच्या पावसात लाईट ये-जा करते, तेव्हा यूपीएस हवाच. नेहमीचा ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो. कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून गेम चालू असताना अडीचशे-तीनशे वॅट घेतात, त्यामुळे तो फाइल सेव्ह करून बंद करण्यापुरताच. मोठं कार्ड असेल तर १००० व्हीए किंवा त्याच्या पुढचा घ्या. गावभागातल्या जुन्या वाड्यांत तीन पिनचा सॉकेट असतो पण अर्थिंगची तार आत जोडलेलीच नसते. वायरमन बोलावून एकदा तपासून घ्या. आणि २००५, २०१९, २०२१ चे पूर पाहिलेल्यांना सांगायला नको, पण नदीकाठच्या भागात तळमजल्यावर राहत असाल तर यूपीएस आणि कॅबिनेट फरशीवर ठेवू नका.

पोर्ट, केबल, आणि एक हमखास राहणारी सेटिंग

मॉनिटर आणि कार्ड एकमेकांशी 'जुळतात का' असं लोक विचारतात. हल्लीचं कुठलंही कार्ड हल्लीच्या कुठल्याही मॉनिटरवर चित्र देतं. प्रश्न असतो तो पूर्ण रिझोल्यूशन आणि पूर्ण हर्ट्झ मिळतात का, याचा. ते पोर्टवर ठरतं. एचडीएमआय १.४ वर फोरके ३० हर्ट्झलाच अडकतं. २.० वर फोरके ६० आणि १४४० वर १४४ मिळतात. डिस्प्लेपोर्ट १.४ वर फोरके १२० पर्यंत जातं. पोर्टवर '२.१' लिहिलेलं असलं म्हणून निर्धास्त होऊ नका. जुन्या क्षमतेच्या पोर्टलाही ते नाव लावता येतं. 'एचडीएमआयवर जास्तीत जास्त किती हर्ट्झ' हा आकडा मॉनिटरच्या माहितीपत्रकात पाहा. अनेक मॉनिटरवर डिस्प्लेपोर्टवर १६५ आणि एचडीएमआयवर त्याहून कमी, असा भेद असतो. म्हणून पीसीसाठी डिस्प्लेपोर्ट वापरा.

जुना व्हीजीएचा मॉनिटर दुसरी स्क्रीन म्हणून लावायचा असेल तर नुसता पिन बदलणारा अडॅप्टर चालत नाही. नव्या कार्डातून ॲनालॉग सिग्नल निघतच नाही, त्यामुळे आत चिप असलेला कन्व्हर्टर घ्यावा लागतो. लॅपटॉपवाल्यांनी टाइप-सी पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टचं चिन्ह आहे का ते पाहावं. प्रत्येक टाइप-सीमधून चित्र निघत नाही.

फ्रीसिंक किंवा जीसिंक असलेला मॉनिटर घ्या. कार्डाच्या फ्रेम कमी-जास्त झाल्या तरी चित्र मधून फाटल्यासारखं दिसत नाही. फ्रीसिंकचे मॉनिटर २०१९ पासून एनव्हिडियाच्या कार्डांवरही चालतात, त्यामुळे त्यासाठी जास्त किंमत मोजायची गरज नाही.

जोडणी झाली की मागे एकदा वाकून पाहा. केबल कार्डाच्या पोर्टात आहे, की बोर्डाच्या? बोर्डाचा पोर्ट वरती उभ्या पट्ट्यात असतो, कार्डाचे खाली आडव्या रांगेत. बोर्डात लावली तर कार्ड नुसतं बसून राहतं. मग कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) टाका आणि विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले असं जाऊन रिफ्रेश रेट स्वतः निवडा. विंडोज बरेचदा ६० वरच सुरू होतं, आणि १६५ हर्ट्झचे पैसे मोजलेला माणूस ६० वरच खेळत राहतो.

खरेदी

दोन-तीन दुकानांतून लेखी कोटेशन घ्या आणि त्यात मॉनिटरचा, कार्डाचा, एसएमपीएसचा पूर्ण मॉडेल नंबर मागा. '२४ इंची आयपीएस' एवढंच लिहिलेलं कोटेशन परत द्या. पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड स्वस्त पडतो हे खरं, पण मॉनिटर तरी इथेच घ्यावा असं माझं मत आहे. एसटीतून खोका आणायची दगदग नाही आणि डोळ्यांनी पाहून घेता येतो. कार्ड बाहेरून आणलं तरी चालेल.

मॉनिटर दुकानातच चालू करून घ्या. फोनवरून पूर्ण पांढरी, काळी, लाल, हिरवी, निळी अशी चित्रं पाठवा आणि एकेक पूर्ण स्क्रीनवर लावा. एक-दोन मेलेल्या पिक्सेलसाठी अनेक कंपन्या मॉनिटर बदलून देत नाहीत, त्यामुळे जे पाहायचं ते पैसे देण्याआधी.

वापरलेलं कार्ड घ्यायला हरकत नाही, आरएक्स ६६०० सारखी कार्डं अजून चांगली चालतात. पण जीटीएक्स १०५० टीआय किंवा १०६० आता टाळा. ऑक्टोबर २०२५ नंतर एनव्हिडियाने त्या पिढीसाठी गेमचे नवे ड्रायव्हर देणं थांबवलं. बायॉस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून नवं नाव दिलेली जुनी कार्डंही विकली जातात. विकणाऱ्यासमोरच जीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर चालवा. ते बनावट कार्ड बहुधा ओळखतं. अर्धा तास गेम लावून ठेवा, तापमान आणि पंख्याचा आवाज पाहा, आणि प्रत्येक पोर्टात केबल घालून चित्र येतं का तेही बघा.

बिल जीएसटीचं घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. कार्ड आणि मॉनिटर दोन्हींना बहुधा तीन वर्षांची वॉरंटी असते, पण खराब झालेली वस्तू जमा कुठे करायची हे आधीच विचारा: दुकानदार घेतो, कोल्हापूर-पुण्याला पाठवावी लागते, की कंपनीचा माणूस घरी येतो? मॉनिटरमध्ये घरी येऊन बदलून देणाऱ्या कंपन्या आहेत, आणि दोन सारख्या मॉडेलांत निवड अडली तर मी अशा कंपनीच्या बाजूने कौल देईन. खोका आणि आतला थर्माकोल माळ्यावर टाका. तीन वर्षांत कधी कुरिअर करायची वेळ आली तर त्याच खोक्यातून पाठवावा लागतो.